कामागासाकी, सान्या आणि जपानचे रोजंदार मजूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमधल्या रोजंदारी मजुरांबद्दल कुठे लिहिलं-बोललं की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. काही कुतूहलाचे असतात, काही शंकेचे, काही थेट 'छे, जपानमध्ये असं कसं असेल?' अशा सुरातले. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे सांगण्यासारखं बरंच आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

जपानसारख्या श्रीमंत देशात रोजंदारीवर जगणारे मजूर आहेत?

आहेत, आणि जपान श्रीमंत झाला त्यात त्यांचा घाम मोठा आहे. १९६४ चं टोकियो ऑलिंपिक, त्याच वर्षी धावलेली शिंकानसेन ही अतिवेगवान रेल्वे, १९७० चं ओसाकाचं जागतिक प्रदर्शन, द्रुतगती मार्ग, बंदरं, धरणं या सगळ्यांचं काँक्रीट ओतायला आणि जहाजांतला माल उतरवायला जी माणसं लागली, त्यांतली कितीतरी रोजच्या बोलीवर उचललेली होती. आज काम आहे तर रोज मिळेल, उद्याचं उद्या. पाऊस पडला तर खाडा.

ही माणसं राहतात कुठे?

त्यांच्या वस्त्यांना जपानीत 'योसेबा' म्हणतात. तीन नावं सर्वांत जास्त ऐकू येतात: ओसाकाच्या निशिनारी वॉर्डातलं कामागासाकी, टोकियोतलं सान्या आणि योकोहामातलं कोतोबुकी. नागोयातलं सासाजिमा हे चौथं, पण तिथे मजूर गोळा होत, राहण्याची वस्ती अशी फारशी नव्हती. आपल्याकडच्या मजूर नाक्याला लागूनच मजुरांच्या खोल्या, खाणावळी, दारूचे गुत्ते आणि मुकादमांच्या गाड्या सगळं एका गठ्ठ्यात असावं, तसं चित्र डोळ्यांपुढे आणा.

राहायच्या स्वस्त लॉजना 'दोया' म्हणतात. खोली साधारण तीन तातामींची, म्हणजे तीन जपानी चटयांएवढी, पाच चौरस मीटरच्या आसपास. अंथरूण पसरलं की खोली संपली. भाडं दिवसावर. कामागासाकीचा सगळा पसारा अवघ्या ०.६२ चौरस किलोमीटरचा आहे आणि भरभराटीच्या काळात तेवढ्यात वीस-तीस हजार माणसं राहत होती.

नकाशावर कामागासाकी शोधलं तर सापडत नाही. का?

कारण ते अधिकृत नाव नाही. १९६६ मध्ये ओसाकाच्या प्रशासनाने आणि पोलिसांनी या भागाला 'आइरिन' असं नाव ठरवलं. त्याचा अर्थ शेजाऱ्यावर प्रेम करणारी वस्ती असा काहीसा होतो. नाव ठेवणाऱ्यांची विनोदबुद्धी दाद देण्यासारखी आहे. त्याच वर्षी टोकियोत पत्त्यांची फेररचना झाली आणि सान्या हे नाव पत्त्यांतून गेलं. तो भाग कियोकावा, निहोनझुत्सुमी अशा नावांत वाटला गेला आणि ताइतो व अराकावा या दोन वॉर्डांत विभागलेला राहिला. लोक मात्र आजही सान्या आणि कामागासाकीच म्हणतात. मजूर तर 'कामा' एवढंच म्हणतात.

हे मजूर आले कुठून?

युद्धानंतर पहिली लाट बेघर आणि निर्वासितांची. मग शेतीवर भागेना म्हणून गाव सोडलेले धाकटे मुलगे आले. उत्तरेकडच्या तोहोकूतले शेतकरी बर्फाचे महिने काढायला शहरात येत, त्यांतले काही परतलेच नाहीत. १९६० च्या सुमाराला देशाने कोळसा सोडून तेल धरलं आणि क्यूशू-होक्काइदोच्या खाणी बंद पडू लागल्या. मिइके खाणीतला १९६० चा प्रचंड संप कामगार हरले. असे कामावरून काढलेले खाणकामगार, ओकिनावाचे लोक, वसाहतकाळापासून जपानमध्ये असलेले कोरियन, जन्मावरून हलक्या मानल्या गेलेल्या बुराकू समाजाच्या वस्त्यांतले लोक, आणि कर्ज, तुरुंग किंवा मोडलेलं लग्न मागे टाकून आलेली माणसं सगळी इथे मिसळली. इथे कोणी कोणाला पूर्वायुष्य विचारत नाही. खोटं नाव सांगितलं तरी चालतं. मुकादमाला नावाशी नव्हे, खांद्यांशी मतलब.

आरंभी कुटुंबंही होती. १९६१ च्या दंगलीनंतर लक्षात आलं की कामागासाकीतली बरीच मुलं नोंदणीच नसल्यामुळे शाळेत जात नाहीत. १९६२ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी शाळा काढली गेली. नंतर कुटुंबांना सरकारी घरांत हलवायचं धोरण आलं आणि मागे उरले ते एकटे पुरुष. 'इथे सगळे एकटेच कसे?' याचं निम्मं उत्तर या धोरणात आहे. ती शाळाही १९८४ मध्ये बंद झाली.

सकाळी काम कसं मिळतं?

पहाट फुटायच्या आत. चार-पाच वाजता व्हॅन येऊन उभ्या राहतात, काचेवर कामाचा प्रकार आणि रोजचा दर लिहिलेला कागद. व्हॅन आणणारा मुकादम म्हणजे 'तेहाइशी'. तो माणसं न्याहाळतो, हात बघतो, वय जोखतो. केस पांढरे झालेला माणूस मागे राहतो, म्हणून केस काळे करून उभे राहणारेही असत. सात वाजले की बाजार उठला. ज्याला काम मिळालं नाही त्याचा दिवस तिथेच संपला.

काम मोठ्या बांधकाम कंपनीचं असतं, पण मजूर तिचा नसतो. कंपनीखाली ठेकेदार, त्याखाली उपठेकेदार, त्याच्याखाली आणखी एक, असा मनोरा. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आपला वाटा कापून घेतो आणि अपघात झाला की प्रत्येक पायरी खालच्या पायरीकडे बोट दाखवते.

मुदतीची कामं असतील तर मजुराला 'हानबा'त, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या बराकीत नेतात. तिथे जेवणाचे आणि राहण्याचे पैसे रोज कापले जातात, काम असो वा नसो. आठवडाभर पाऊस लागला तर मजुराच्याच नावावर बाकी निघते. दहा-पंधरा दिवस राबून हातात बसभाड्यापुरते पैसे घेऊन परतलेली माणसं हा योसेबातला नेहमीचा किस्सा.

मुकादमी कायदेशीर आहे का?

नाही. १९४७ च्या रोजगार सुरक्षा कायद्याने माणसं पुरवण्याचा धंदा बंद केला. प्रत्यक्षात तो उघड्यावर, पोलीस चौकीच्या नजरेसमोर चालू राहिला. १९७० मध्ये कामागासाकीत 'आइरिन केंद्र' उभं राहिलं: खाली मजूर आणि मालक यांची गाठ पडायची मोठी जागा, वर दवाखाना आणि सरकारी घरं. मुकादमांना तिथे नोंदणी करून येता येऊ लागलं. म्हणजे व्यवस्थेने त्यांना हटवलं नाही, छत दिलं.

याकुझाचा, म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळ्यांचा, हात या धंद्यात खोलवर होता. मजुरी पळवण्यापासून जुगारापर्यंत सगळीकडे. सान्यातल्या मजुरांवर माहितीपट करणारा दिग्दर्शक मित्सुओ सातो याचा डिसेंबर १९८४ मध्ये भोसकून खून झाला. त्याचं काम पुढे नेऊन चित्रपट पुरा करणाऱ्यांपैकी मजूर नेता क्योइची यामाओका याला जानेवारी १९८६ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. दोन्ही खून याकुझाच्या माणसांनी केले. जपान किती सुरक्षित देश आहे हे सांगताना ही दोन नावं सहसा कोणी घेत नाही.

भेदभाव म्हणजे नेमकं काय? लोक शिव्या देतात का?

शिव्या देणारे असतात, पण तो या प्रश्नाचा छोटा भाग झाला. जपानमध्ये माणूस मोजला जातो तो तीन गोष्टींनी: पत्ता, कंपनी आणि कुटुंब. रोजंदाराकडे यांतलं एकही धड नसतं. मग कोणी तोंडाने अपमान केला नाही तरी प्रत्येक खिडकीवर तो आपोआप बाहेर पडतो. घर भाड्याने घ्यायचं तर जामीनदार लागतो. चांगली नोकरी हवी तर पत्ता लागतो, आणि पत्ता हवा तर नोकरी. मतदान, आरोग्य विमा, वाहन परवान्याचं नूतनीकरण या सगळ्याच्या मुळाशी रहिवासी नोंद आहे.

रोज बदलणाऱ्या दोयाच्या खोलीवर अशी नोंद करून मिळत नसे. म्हणून कामागासाकीतल्या मजुरांनी वर्षानुवर्षं 'काइहो काइकान' या संघटनेच्या इमारतीवर आपली नावं नोंदवली होती. पालिकेला हे ठाऊक होतं. पालिकेचे कर्मचारीच तसा सल्ला देत असत, असं मजूर सांगत. २००६ च्या अखेरीला वर्तमानपत्रांत गवगवा झाला आणि मार्च २००७ मध्ये ओसाका पालिकेने दोन हजारांहून अधिक माणसांच्या नोंदी एका फटक्यात रद्द केल्या. पुढच्याच महिन्यात स्थानिक निवडणुका होत्या.

त्याच सुमाराला ओसाकाच्या एका बागेत तंबूत राहणाऱ्या माणसाने तंबू हाच आपला पत्ता मानावा म्हणून दावा लावला. जानेवारी २००६ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचाच निर्णय कायम ठेवला.

अलीकडची दोन उदाहरणं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हागिबिस हे महाभयंकर चक्रीवादळ टोकियोवर आलं तेव्हा ताइतो वॉर्डाच्या निवारा केंद्राने बेघर माणसांना 'तुम्ही वॉर्डाचे रहिवासी नाही' म्हणून दारातून परत पाठवलं. बाहेर वादळ सुरू झालेलं होतं. बोभाटा झाल्यावर वॉर्डाच्या प्रमुखांनी माफी मागितली. आणि २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी सरकारने प्रत्येकाला एक लाख येन दिले, तेही रहिवासी नोंदीच्या आधारावर. ज्याला पैशांची सर्वांत निकड, त्याचं नाव यादीत नाही.

दंगली झाल्या होत्या म्हणे?

१९६१ ते २००८ या काळात एकट्या कामागासाकीत २४ दंगली मोजल्या जातात. सान्यातही १९६० च्या दशकात वारंवार झाल्या. पहिली मोठी १ ऑगस्ट १९६१ ची. एका वयस्क मजुराला टॅक्सीने उडवलं. तो मेला असं ठरवून पोलिसांनी त्याच्यावर चटई टाकली आणि त्याला बराच वेळ रस्त्यातच पडू दिलं. बघणाऱ्या मजुरांचा बांध फुटला. चौकीवर दगड पडले आणि पुढचे कित्येक दिवस हजारो पोलीस विरुद्ध हजारो मजूर असं चाललं.

ऑक्टोबर १९९० च्या दंगलीमागे निशिनारी ठाण्याच्या एका पोलीस अधिकाऱ्याने याकुझाकडून लाच घेतल्याची बातमी होती. त्या वेळी ट्रामचं एक स्टेशन जळून गेलं. २००८ ची दंगल पोलिसांनी एका मजुराला ठाण्यात मारहाण केल्याच्या आरोपावरून उसळली.

वर्तमानपत्रं या दंगलींचं खापर दारू, उन्हाळा आणि 'बाहेरचे चिथावणीखोर' यांच्यावर फोडत आली. पण ठिणगी बहुतेक वेळा पोलिसांच्याच वागण्याने पडलेली दिसते. दंगलींमुळेच मजुरांना केंद्र, दवाखाना आणि कल्याण कचेऱ्या मिळाल्या, हेही तितकंच खरं. अर्ज करून त्यांना काय मिळालं असतं याचा अंदाज वरच्या उत्तरावरून बांधावा. दंगलींसोबत आणखी एक गोष्ट मिळाली: रस्त्यांवर पोलिसांचे कॅमेरे. देशात इतरत्र अशी पाळत ठेवायची पद्धत नव्हती तेव्हापासून कामागासाकीवर ती आहे. रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९४ मध्ये काइहो काइकानसमोरचा एक कॅमेरा काढायचा आदेश मिळाला. बाकीचे राहिले.

पांढरी पुस्तिका म्हणजे काय?

रोजंदारांच्या बेकारी विम्याची वही. एक दिवस काम केलं की मालक त्यावर एक मुद्रांक चिकटवतो. आधीच्या दोन महिन्यांत मिळून २६ मुद्रांक जमले की काम न मिळालेल्या दिवसांचा भत्ता मिळतो, सर्वांत वरच्या श्रेणीत दिवसाला ७,५०० येन, महिन्यात जास्तीत जास्त १७ दिवस.

कागदावर ही योजना चांगली आहे आणि तेजीच्या काळात तिने अनेकांना तारलंही. खोट तिच्या अटीतच आहे: महिन्याला सरासरी १३ दिवस काम मिळतं त्यालाच बेकारीचा आधार. काम पार आटलं की मुद्रांक नाहीत, मुद्रांक नाहीत की भत्ता नाही. १९९० च्या दशकात हजारोंचं नेमकं हेच झालं.

१९९० च्या दशकात काय बिघडलं?

जमिनीच्या आणि शेअरच्या किमतींचा फुगा फुटला आणि बांधकामं थांबली. १९८९ मध्ये कामागासाकीतून रोजच्या कामांची वर्षभराची एकूण मागणी १८ लाखांहून अधिक होती. ती काही वर्षांत कोसळली. बंदरांवरची कामं तर कंटेनर आल्यापासूनच ओसरत होती. तोवर मजूरही पन्नाशी-साठीला टेकले होते. दोयाचं भाडं देता येईना तेव्हा माणसं बागांत, नदीकाठी, पुलाखाली निळ्या ताडपत्रीचे तंबू ठोकून राहू लागली. १९९८ मध्ये एकट्या ओसाका शहरात ८,६६० बेघर मोजले गेले. २००३ च्या देशव्यापी मोजणीत आकडा २५,२९६ होता. 'होमलेस' म्हणून जपानी लोकांना जे अचानक दिसू लागले, ते बरेचसे हेच वय झालेले बांधकाम मजूर.

सरकारी मदत मिळत नाही का? संविधानात तर हक्क आहे.

आहे. संविधानाच्या २५व्या कलमात किमान सुसंस्कृत जगण्याचा हक्क आहे आणि १९५० चा 'सेइकात्सु होगो', म्हणजे जीवन-संरक्षण कायदा त्यासाठीच आहे. बेघर माणसाला तो ज्या ठिकाणी आहे त्या ठिकाणी मदत द्यावी अशी तरतूदही त्यात आहे.

पण कचेरीत गेलेल्या माणसाला वर्षानुवर्षं उत्तर मिळे ते असं: पत्ता नाही, म्हणून अर्ज नाही. पासष्टच्या आत आहात, हातपाय धड आहेत, काम शोधा. नागोयातल्या एका रोजंदाराने याविरुद्ध खटला भरला. त्याचे पाय दुखत होते, काम मिळत नव्हतं, तरी कचेरीने त्याला फक्त औषधोपचार देऊन परत पाठवलं होतं. १९९६ मध्ये जिल्हा न्यायालयात तो जिंकला. काम करण्याची ताकद असणं आणि प्रत्यक्ष काम मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्या निकालाचा गाभा होता. वरच्या न्यायालयात निकाल फिरला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अपील फेटाळलं तेव्हा तो माणूस हयातही नव्हता. तरी खिडकीवरच्या बाबूंना जाब विचारायला कार्यकर्त्यांच्या हातात या खटल्याने काहीतरी दिलं.

दुसरा अडसर नातेवाइकांना जाणाऱ्या चौकशीच्या पत्राचा. अर्ज केला की कचेरी भावाबहिणींना, मुलांना विचारते, 'तुम्ही यांना सांभाळू शकता का?' तीस वर्षं घराकडे न फिरकलेल्या माणसाला ते पत्र गावी पोहोचण्यापेक्षा पुलाखालची थंडी परवडते. २०२१ मध्ये सरकारने हे नियम थोडे सैल केले, पण पुष्कळजण आजही याच भीतीने अर्ज करत नाहीत.

ही जपानची जातिव्यवस्था म्हणायची का?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. सरळ 'हो' म्हणता येत नाही. जपानमध्ये जन्मावर आधारलेला भेदभाव आहे तो बुराकू समाजाबाबत: कातडी, कत्तलखाना, मृतदेहांशी संबंधित कामं करणाऱ्यांचे वंशज. १८७१ मध्ये कायद्याने तो दर्जा संपला तरी लग्नाच्या आणि नोकरीच्या वेळी चौकशा होत राहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर दलितांचा आणि बुराकूंचा प्रश्न 'काम आणि वंश यांवर आधारित भेदभाव' या एकाच शीर्षकाखाली येतो, आणि बुराकू मुक्ती चळवळीच्या पुढाकाराने १९८८ मध्ये उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय संघटना दलित संघटनांबरोबर काम करत आली आहे.

रोजंदार म्हणून मात्र कोणी जन्मत नाही. बँकेतला माणूसही कर्जापायी इथे येऊ शकतो. पण खालच्या पायरीवर आधीच उभे असलेले, म्हणजे बुराकू, कोरियन, ओकिनावी लोक इथे पोहोचण्याची शक्यता जास्त होती. शिवाय एकदा पोहोचल्यावर डाग जन्मखुणेसारखा चिकटतो. 'निशिनारीत राहतो' असं अर्जावर लिहायला तिथले लोक कचरतात. मजुरांना एका जागी कोंडून ठेवायची परंपराही जुनी: १७९० मध्ये तेव्हाच्या एदो शहरात, इशिकावाजिमावर, बेघर आणि किरकोळ गुन्हेगारांना पकडून कामाला जुंपणारी छावणी उभी केली होती, तिचंही नाव योसेबाच.

पण ते दारू पितात, जुगार खेळतात, हे खोटं आहे का?

खोटं नाही. पितात. कामागासाकीत दारूने मेलेले खूप आहेत. पण दिवसभर सिमेंट वाहून पाच चौरस मीटरच्या खोलीत एकट्याने परतणाऱ्याला संध्याकाळी जाण्यासारखी जागा गुत्त्याखेरीज कोणती होती, याचं उत्तर आळशीपणाचा शेरा मारणारे देत नाहीत. शिवाय आळशी माणूस पहाटे चारला नाक्यावर उभा राहात नाही. तंबूत राहणारे बहुतेकजण रात्रभर रिकामे डबे आणि पुठ्ठा गोळा करून विकत.

शरीर किती झिजतं ते आयुर्मानावरून कळतं. २०२० च्या आकड्यांत निशिनारी वॉर्डातल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ७३.२ वर्षं होतं, सगळ्या जपानमध्ये सर्वांत कमी. देशाची सरासरी ८१ च्या वर. क्षयरोगाचं प्रमाणही याच भागात दीर्घकाळ देशात सर्वाधिक राहिलं.

बेघरांवर शाळकरी मुलं हल्ले करतात, हे खरं?

दुर्दैवाने. १९८३ च्या सुरुवातीला योकोहामात किशोरवयीन मुलांच्या टोळीने बागेत आणि आसपास झोपलेल्या माणसांवर हल्ले केले. माणसं मेली, दहा मुलं पकडली गेली. शहर साफ करत होतो, अशा अर्थाची त्यांची भाषा ऐकून देश हादरला. हादरला म्हणावं तर हल्ले थांबले नाहीत. मार्च २०२० मध्ये गिफू शहरात ८१ वर्षांच्या बेघर माणसाला तरुणांनी दगड मारत पिटाळलं आणि त्यात तो मेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियोत बसथांब्यावर रात्र काढणाऱ्या एका स्त्रीला एका माणसाने डोक्यात मारून ठार केलं. ती काही महिन्यांपूर्वीपर्यंत दुकानांत नमुने वाटायचं काम करत होती.

मुलांना ही भाषा घरीदारीच मिळते. २०२१ मध्ये लाखो अनुयायी असलेल्या एका यूट्यूबरने बेघर माणसांच्या जिवाशी आपल्याला देणंघेणं नाही, त्यापेक्षा मांजरं बरी, असं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. गदारोळ झाल्यावर माफी आली. आरोग्य मंत्रालयाला त्या दिवसांत 'मदतीचा अर्ज हा हक्क आहे' असं जाहीरपणे पुन्हा सांगावं लागलं.

यात बायका कुठेच दिसत नाहीत.

योसेबाचं काम पुरुषी मानलं गेलं आणि सरकारनेच कुटुंबं हलवली, म्हणून वस्तीत बायका कमी. रस्त्यावरच्या बायका दिसू नये म्हणून धडपडतात, रात्रभर चालत राहतात, दिवसा झोपतात. त्यामुळे मोजणीतही येत नाहीत.

फुकुशिमाशी यांचा काय संबंध?

अणुभट्ट्यांच्या देखभालीची धोक्याची कामं अनेक दशकं अशाच उपठेक्यांच्या मजुरांकडून करून घेतली गेली. मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर आइरिन केंद्रावर मियागी प्रांतातल्या ओनागावा इथे ट्रक चालवायचं काम म्हणून जाहिरात लागली. रोज १२,००० येन. काम घेतलेल्या मजुराला प्रत्यक्षात नेलं त्सुनामीत अपघात झालेल्या फुकुशिमा दाइइची अणुप्रकल्पावर, पाणी पुरवायच्या कामाला. परत आल्यावर त्याने तक्रार केली म्हणून हे उजेडात आलं. पुढे किरणोत्सारी माती काढायच्या कामात मजुराला दिवसाला १०,००० येन जोखीम भत्ता ठरला होता. तो ठेकेदार-उपठेकेदारांच्या मनोऱ्याच्या पायऱ्यांवर गळत गळत कित्येकांपर्यंत पोहोचलाच नाही.

मजुरांनी स्वतः काही केलं की नुसतं सोसलं?

बरंच केलं. सान्या आणि कामागासाकी दोन्हीकडे मजुरांच्या युनियन उभ्या राहिल्या आणि मजुरी बुडवणाऱ्या ठेकेदाराच्या दारात घोळक्याने जाऊन वसुली होऊ लागली. वर्षाअखेरीला कचेऱ्या आणि कामं दोन्ही बंद असतात. त्या थंडीत कोणी रस्त्यावर गारठून मरू नये म्हणून १९७० च्या दशकापासून 'एत्तो' चालतं: शेकोट्या, सामुदायिक जेवण, रात्रीच्या गस्ती. उन्हाळ्यात कामागासाकीच्या त्रिकोणी बागेत उत्सव भरतो आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं लावून त्यांना निरोप दिला जातो. ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी हे मोठं काम. जपानमध्ये १८९९ चा एक कायदा अजून लागू आहे. त्याखाली ओळख न पटलेल्या मृतांचं वर्णन सरकारी राजपत्रात छापतात: अंदाजे वय, उंची, अंगावरचे कपडे, खिशातली नाणी.

आंदोलनाच्या रेट्यामुळे १९९४ पासून वयस्क मजुरांना पाळीपाळीने सफाईचं काम मिळू लागलं. सान्यात १९८४ पासून एक मोफत दवाखाना आहे आणि २००२ पासून अखेरच्या दिवसांतल्या माणसांसाठी एक शुश्रूषागृह. कामागासाकीत कवयित्री कानायो उएदा यांच्या संस्थेने २०१२ पासून 'कामागासाकी कला विद्यापीठ' चालवलं आहे. इमारत नाही, पदवी नाही. म्हातारे मजूर कविता करतात, सुलेखन करतात, खगोलशास्त्र ऐकतात.

आज तिथे काय परिस्थिती आहे?

योसेबा म्हणून या वस्त्या विझत चालल्या आहेत. बहुतेक दोया एक तर वृद्धांच्या सरकारी भत्त्यावर चालणाऱ्या खोल्या झाल्या किंवा परदेशी पर्यटकांची स्वस्त हॉटेलं. निशिनारी वॉर्डात दर चौघांपैकी जवळपास एकजण जीवन-संरक्षण भत्त्यावर आहे. बेघरांचा सरकारी आकडा २०२४ मध्ये २,८२० वर आला. मदत वाढली हे एक कारण, पुष्कळ माणसं मेली हे दुसरं.

आइरिन केंद्र भूकंपाला टिकणार नाही म्हणून बंद करायचं ठरलं. एप्रिल २०१९ मध्ये आतल्या माणसांना पोलिसांनी बाहेर काढून शटर ओढलं. काहीजण बाहेर फुटपाथवर राहिले, न्यायालयात लढले, हरले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनाही हटवलं. दरम्यान वस्तीला लागूनच असलेल्या शिन-इमामिया स्टेशनसमोर २०२२ मध्ये होशिनो रिसॉर्ट्सचं मोठं हॉटेल उघडलं. त्याआधीच्या वर्षी या भागाची नवी प्रतिमा उभी करण्यासाठी प्रसिद्धी मोहीम निघाली आणि तिच्यातल्या एका लेखात बेघर माणसासोबतचा दिवस गोड गोष्टीसारखा रंगवला होता. त्यावर भरपूर टीका झाली, आणि ती योग्यच होती.

म्हणजे रोजंदारी संपली?

जागा बदलली. १९८६ पासून माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांना कायद्याची वाट मोकळी झाली, १९९९ आणि २००४ मध्ये ती रुंद केली गेली. पहाटेच्या व्हॅनऐवजी मोबाइलवर निरोप येऊ लागला. २००८ च्या मंदीत कारखान्यांनी अशा कामगारांना काढलं तेव्हा कंपनीच्या वसतिगृहासकट त्यांचं घरही गेलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी टोकियोच्या हिबिया बागेत, मंत्रालयाच्या हाकेच्या अंतरावर, त्यांच्यासाठी तंबूंचं गाव वसवावं लागलं. तरुण आणि कालपर्यंत नोकरीत असलेली माणसं पाहून देशाला सहानुभूती वाटली. कामागासाकीच्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला ती कधी आली नव्हती.

२०१२ मध्ये दिवसाच्या बोलीने माणसं पुरवण्यावर बंधन आलं. आता अॅपवर काही तासांचं काम घेता येतं, आणि त्यात मालक कागदोपत्री थेट नेमणूक करतो, म्हणून ते बंधन लागू होत नाही. २०१८ मध्ये टोकियो प्रशासनाने अंदाज काढला की शहरात रोज रात्री सुमारे ४,००० माणसं घर नसल्यामुळे इंटरनेट कॅफेत झोपतात. त्यांना वस्ती नाही, त्रिकोणी बाग नाही, शेकोटीभोवती ओळखणारं कोणी नाही. बेघरांच्या मोजणीतही ती धरली जात नाहीत.

ओसाकाला जाणार आहे. कामागासाकीत फिरायला जावं का? धोका आहे का?

धोका जवळपास नाही. पर्यटक म्हणून तुम्हाला कोणी त्रास देणार नाही. विमानतळावरून येणारी गाडी शिन-इमामियालाच थांबते आणि स्वस्त खोली हवी असेल तर बरेच लोक तिथेच उतरतात. फक्त माणसांचे फोटो काढू नका, रांगेत उभ्या असलेल्यांचे तर मुळीच नाही. अनेकांनी घरच्यांना आपला ठावठिकाणा कळवलेला नाही, आणि एका फोटोने तो उघड होऊ शकतो. कोणी गप्पा मारायला आलं तर बसा, पण 'गाव कोणतं, घरी कोण असतं' हे आपल्याकडचे पहिले दोन प्रश्न तिथे विचारू नका. काय काम केलं ते विचारा. कोणता पूल, कोणतं धरण, कोणतं स्टेशन, याची उत्तरं तासभर मिळत राहतात.